फॉइलचा मास्ट निवडताना आणि बसवताना: लांबी, जाडी, ताठपणा यांचा हिशेब

फॉइलिंग म्हणजे बोर्डाखाली खांबावर पंख बसवून, बोर्ड पाण्याच्या वर उचलून चालवणं. हा खांब म्हणजे मास्ट. फॉइलिंग सुरू करणाऱ्यांचा ठरलेला प्रश्न असतो, "मास्ट ७५ सेमीचा घेऊ की ८५चा?" मी उलट विचारतो, "पाणी किती खोल आहे? तुमचं वजन किती? पुढची विंग किती रुंद?" पुढे बराच वेळ उत्तर येत नाही.

गडबड खरेदीच्या क्रमात आहे. आधी हातातली विंग (वारा धरणारं हातातलं पाल) घेतली जाते, मग बोर्ड, मग पुढची विंग, आणि उरलेल्या पैशांत जो बसेल तो मास्ट. मग बोर्ड डळमळायला लागला की दोष विंगला. मास्ट हा तडजोडीचा भाग आहे. लांब केला तर लवतो, जाड केला तर पाणी अडवतो, बारीक आणि ताठ दोन्ही हवा असेल तर खिसा रिकामा करतो. तिन्ही एकदम मिळत नाहीत. कशावर पाणी सोडायचं ते आधी ठरवायचं, आणि त्यासाठी पुढचा क्रम पाळायचा.

एक खुलासा. विंग म्हटलं की हातातली की पाण्याखालची, हा गोंधळ होतो. म्हणून पाण्याखालच्या विंगला या लेखात 'पातं' म्हणतो. आणि मास्ट म्हणजे डोलकाठी नव्हे. बोर्डाच्या पोटाखाली उलटा लटकणारा, पात्यांना धरून ठेवणारा खांब तो मास्ट.

पायरी १: दुकानात जाण्याआधी पाणी मोजा

बोर्ड तरंगत असतो तेव्हा मास्ट पूर्ण लांबीने खाली असतो. ७५ सेमीचा मास्ट, त्याखाली फ्युझलाज (पुढचं-मागचं पातं जोडणारा दांडा) आणि पात्याचे पाच-सहा सेमी, शिवाय लाट पुढे गेल्यावर पाणी खाली जातं त्यासाठी तीसेक सेमी. झाले ११० सेमी. ८५च्या मास्टला १२०, ९५ला १३०. ही सुरुवात करण्यापुरती खोली झाली. पडण्यासाठी त्याहून जास्त पाणी हवं.

अंदाज नको, काठी वापरा. वेळूची एक लांब काठी घ्या आणि तिच्यावर वायरिंगच्या चिकटपट्टीने ११०, १२० आणि १३० सेमीवर खुणा करा. ओहोटीला आपल्या नेहमीच्या जागी चालत आत जा, प्रत्येक खूण बुडेपर्यंत किती पावलं लागली ते लिहून ठेवा. वीस मिनिटांचं काम आहे.

कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर भरतीचं गणित विसरून चालत नाही. किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना ठोकताळा असा: तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणलं की भरतीचा साधारण तास मिळतो. पौर्णिमेला किंवा अमावास्येला १५ गुणिले पाऊण, म्हणजे सव्वाअकरा. तिथून सहा तासांनी, संध्याकाळी पाच-साडेपाचच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. अष्टमीला भरती सहाला. ठिकाणागणिक यात तासाभराचा फरक सहज पडतो, म्हणून नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघा. पण या ठोकताळ्यातून एक गोष्ट कळते. आपला उन्हाळ्यातला वायव्येचा वारा दुपारी तीन ते सहाच्या दरम्यान भरात असतो, आणि उधाणाच्या दिवसांत नेमक्या त्याच वेळी पाणी सगळ्यात खाली गेलेलं असतं. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, त्याच वेळी पाणी बऱ्यापैकी असतं. मुंबईकडे उधाणाला भरती-ओहोटीतला फरक साडेचार मीटरच्या आसपास जातो. गोव्यात तो साधारण दोन मीटर असतो, पण सपाट पुळणीवर तेवढाही पुरतो.

मी हे अनुभवाने शिकलो. शर्यतीतले लोक ९०-९५चा मास्ट वापरतात म्हणून मीही ९०चा आणला आणि पौर्णिमेच्या संध्याकाळी मोरजीला शापोरा नदीच्या मुखाजवळ उतरलो. आदल्या आठवड्यात तिथेच छातीभर पाणी होतं. वेगात असताना पातं वाळूच्या दांड्यात रुतलं, मी बोर्डाच्या पुढे चार हात जाऊन पडलो. मास्टला ओरखडासुद्धा नाही. बोर्डाच्या ट्रॅकचा डबा (मास्टचे बोल्ट जिथे बसतात ती खाच) मात्र मुळापासून तडकला. मास्ट टिकला की धक्का बोर्डाला बसतो, हे दुरुस्तीच्या बिलावरून कळलं. नदीच्या मुखातले दांडे पावसाळ्यानंतर जागा बदलतात, तेव्हा गेल्या वर्षीची पावलं यंदा धरू नका.

*सावधान:* रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढायच्या वेळी त्या पट्ट्यात फॉइल नेऊ नका. साध्या बोर्डाखालून दोर सरकून जातो, मास्ट त्यात आकड्यासारखा अडकतो. जाळं त्यांचं, चूक आपली.

रामेश्वरमच्या बाजूच्या उथळ, सपाट पाण्यात तर बराच भाग गुडघा-कंबरेइतकाच असतो. तिथे काठीच सांगेल की फॉइल काढायचं की साध्या बोर्डावर भागवायचं.

पायरी २: लांबी ठरवा

पाण्याने वरची मर्यादा घातली. आता खालची मर्यादा तुमचा प्रकार घालतो.

होडीमागे किंवा केबलवर (होडीऐवजी तारेने ओढणारी सोय) शिकताना ५० ते ६० सेमी पुरतो. उंची कमी, पडणं सोपं. विंगफॉइलिंग शिकायला ६५ ते ७५. सरावलेल्यांना विंगसाठी ७५ ते ८५. काइट (पतंगाने ओढलं जाणारं) आणि विंडफॉइलमध्ये (बोर्डावरच्या पालाने चालणारं) वाऱ्याच्या बाजूला जोरात कलून जावं लागतं, म्हणून तिथे ८५ ते ९५ आणि शर्यतीत त्याहूनही लांब. पॅरिस २०२४ ऑलिंपिकमधल्या आयक्यूफॉइल या विंडफॉइल वर्गाचा मास्ट ९५ सेमीचा होता. ते खेळाडू मार्सेच्या खोल पाण्यात, पाल धरून, पूर्ण कलून जातात. आपण दहा-बारा नॉट (ताशी सागरी मैल) वाऱ्यात हातात विंग धरून वळायला शिकत असतो. त्यांचा आकडा आपल्याला लागू नाही.

लांबीचा खरा संबंध कलण्याशी आहे. हिशेब एकदा कागदावर करून बघा. पातं १०० सेमी रुंद, बोर्ड ६० सेमी रुंद, कल ३० अंश.

७५चा मास्ट कलला की त्याची उभी खोली ६५ सेमी उरते. पात्याचं एक टोक २५ सेमी वर येतं. बोर्डाची दुसरी कड १५ सेमी खाली जाते. ६५ मधून २५ आणि १५ गेले, उरले २५. पाण्याचा पृष्ठभाग या २५ सेमीच्या पट्ट्यात राहिला पाहिजे. वर गेला तर कड आपटते, खाली गेला तर पात्याचं टोक उघडं पडतं आणि हवा आत शिरते. वाऱ्याने उठलेली फूटभर खळबळ असेल तर २५ पुरत नाहीत. ८५च्या मास्टला याच हिशेबाने ३४ सेमी मिळतात. ६०च्या मास्टला फक्त १२.

म्हणजे दहा सेमी लांबीने मोकळीक तिसऱ्या हिश्शाने वाढली. आणि पातं १०० ऐवजी ८० सेमीचं घेतलं तर ७५च्या मास्टवरही ३० सेमी मिळतात. रुंद पात्याला लांब मास्ट हवा, ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

"लांब मास्ट म्हणजे जास्त ड्रॅग" (पाण्याचा विरोध) हे अर्धंच खरं. उडत असताना पाण्यात असतो तेवढाच भाग पाणी अडवतो. ८५च्या मास्टवर दहा सेमी वरून गेलात तर बुडालेला भाग ७५च्या एवढाच. फरक पडतो तो बोर्ड अजून पाण्यात असताना, म्हणजे उठण्याच्या वेळी. शिवाय उंचावरून पडायचं असतं आणि खालचं वजन लांबवर असल्याने बोर्ड वळवायला जडही जातो.

*तपासा:* वरची मर्यादा, म्हणजे पाणी, आणि खालची, म्हणजे कलण्याची गरज, या दोन्हींत बसणारी लांबी सापडली का? नसेल तर मास्ट बदलून भागणार नाही, जागा किंवा पातं बदलावं लागेल. दोन्हींत दोन लांबी बसत असतील तर पहिल्या मास्टसाठी आखूड घ्या.

पायरी ३: ताठपणा, म्हणजे जाडीचा घन

इथे थोडं थांबू, कारण सगळ्यात महागडी चूक इथे होते.

मास्ट दोन प्रकारे हार मानतो. एक, आडवा वाकतो. तुम्ही बोटांवर किंवा टाचेवर वजन टाकता, मास्ट थोडा लवतो, आणि पातं क्षणभर उशिरा ऐकतं. पायाखाली गाडीचं स्टिअरिंग ढिलं असल्यासारखं वाटतं. दोन, पीळ खातो. तुम्ही बोर्ड वळवता, पातं मागे राहतं, मग झटक्यात येतं. पातं जितकं रुंद आणि तुम्ही जितके वजनदार, तितकं हे दोन्ही जास्त.

टोकावर तेवढाच आडवा जोर आला तर मास्टचं लवणं लांबीच्या घनाने वाढतं. ७५चा ८५ केला तर ८५ भागिले ७५, त्याचा घन, म्हणजे १.४६. दहा सेमीसाठी जवळजवळ दीडपट लवणं. उलट बाजूला, ताठपणा जाडीच्याही घनाने वाढतो. १५ मिमी जाडीचा मास्ट १७ मिमी केला तर ताठपणा तोच, १.४६ पट. म्हणजे ७५चा १५ मिमी मास्ट जसा वाटत होता तसाच ८५चा वाटावा असं वाटत असेल, तर जाडी १७ हवी. लांबी वाढवून जाडी तीच ठेवली तर पैसे देऊन रबर विकत घेतलं असं समजा.

रुंदीचा, म्हणजे पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतच्या मापाचा, परिणाम सरळ प्रमाणात असतो. ११० ऐवजी १२० मिमी केली तर नऊ टक्के ताठपणा मिळतो. जाडीतल्या दोन मिलिमीटरसमोर हे किरकोळ. रुंद मास्टचं वेगळं काम आहे: तो बोर्डाला सरळ रेषेत धरतो आणि बाजूला घसरू देत नाही. लाटेवर सैल, झटपट वळणं घेणाऱ्यांना नेमकं तेच नको असतं.

जाडीची किंमत वेगाने चुकवावी लागते. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, १२ नॉटवरून २४ वर गेलात की चौपट. मास्ट जिथे पाण्याचा पृष्ठभाग कापतो तिथे उडणाऱ्या तुषारांचा विरोध जाडीच्या वर्गाने वाढतो, म्हणजे १५चा १७ केला तर तो सव्वापटीहून थोडा जास्त होतो. शर्यतीत पंचवीस-तीस नॉटने जाणाऱ्याची यावर झोप उडते. बारा-पंधरा नॉटने जाणाऱ्याला ते दोन मिलिमीटर कळतही नाहीत. त्याला कळतो तो लवणारा मास्ट. माझं मत स्पष्ट आहे: वेगाची हौस लागेपर्यंत जाड आणि ताठ घ्या.

आता एक बारकावा. पंपिंग करताना (पायांनी बोर्ड वर-खाली दाबून पुढे नेताना) पुढे-मागे जे हलल्यासारखं वाटतं, ते सहसा मास्टचं लवणं नसतं. पुढे-मागे वाकायचं तर मास्टला त्याच्या ११०-१२० मिमी रुंदीच्या दिशेने वाकावं लागेल, आणि त्या दिशेला तो फळीसारखा कडक असतो. हलतात ते सांधे: वरची प्लेट (मास्ट बोर्डाला जोडणारी), बोर्डाचा ट्रॅक, खालचा फ्युझलाजचा जोड. म्हणून डाव्या-उजव्या बाजूला ढिलं वाटलं तर मास्टवर संशय घ्या, पुढे-मागे वाटलं तर आधी बोल्ट बघा. नवा मास्ट घेऊनही 'फरक पडला नाही' म्हणणारे बरेच जण इथेच फसलेले असतात.

*तपासा:* वजन ८० किलोच्या वर किंवा पातं मीटरभर रुंद असेल, आणि त्यातून ८० सेमीच्या वरचा मास्ट हवा असेल, तर जाडी विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. विकणाऱ्याला माहीत नसेल तर स्वतः कॅलिपर लावा: प्लेटपासून दहा सेमीवर एकदा, खालच्या टोकाजवळ एकदा.

पायरी ४: अ‍ॅल्युमिनियम की कार्बन

अ‍ॅल्युमिनियमचा मास्ट साच्यातून दाबून काढलेला, म्हणजे वरपासून खालपर्यंत एकाच जाडीचा. वाकवणारा जोर सगळ्यात जास्त वरच्या टोकाला, प्लेटजवळ येतो. त्यामुळे वर हवी ती जाडी खालीही फुकट वाहून न्यावी लागते. कार्बनचा वर जाड, खाली निमुळता करता येतो. त्याचा खरा फायदा हा आकार आहे.

"कार्बन म्हणजे ताठ" हे मात्र चटकन मानू नका. अ‍ॅल्युमिनियमचा कडकपणा साधारण ७० गिगापास्कल, सामान्य कार्बन धाग्याचा २३०च्या आसपास, असे आकडे जाहिरातीत शेजारी ठेवलेले दिसतात. पण २३० हा एकट्या धाग्याचा आकडा, तोही लांबीच्या दिशेने ओढला तर. मास्टमध्ये धागा रेझिनमध्ये (घट्ट होणाऱ्या डिंकासारख्या द्रवात) बुडलेला असतो. शिवाय सगळे धागे उभे लावता येत नाहीत, पिळाला अडवायला काही ४५ अंशात तिरके लावावे लागतात. हिशेब अंती आकडा बराच खाली येतो. स्वस्त, बारीक कार्बन मास्ट चांगल्या जाड अ‍ॅल्युमिनियमपेक्षा जास्त लवतो, हे मी दोन्ही पायांखाली घेऊन पाहिलंय. हाय मॉड्युलस (जास्त कडक धाग्याचा) कार्बन खरोखर ताठ असतो, पण महाग, आणि आपटण्याला नाजूक. खडकाळ किनाऱ्यावर तो नेणं म्हणजे काचेचं भांडं खांद्यावर घेऊन यात्रेत फिरणं.

शिकणाऱ्यांनी अ‍ॅल्युमिनियम घ्यावा. वाकला तर दिसतो, बदलायला स्वस्त पडतो, आणि पहिल्या वर्षात लांबी बदलण्याची इच्छा होणारच असते.

पायरी ५: जोड जुळतात का, आणि जुना मास्ट कसा पारखायचा

वरची बाजू तुलनेने सोपी. बहुतेक बोर्डांच्या पोटाला दोन समांतर ट्रॅक असतात, मध्यापासून मध्यापर्यंत ९० मिमी अंतरावर. प्लेटचे चार बोल्ट सहसा एम८, म्हणजे ८ मिमी जाडीचे. खालची बाजू मात्र प्रत्येक कंपनीची वेगळी, कधी एकाच कंपनीच्या जुन्या-नव्या मालिकांचीही. 'बसेल हो' वर विश्वास नको, फ्युझलाज सोबत घेऊन जा.

जुना घेताना असं बघा. मास्ट डोळ्यासमोर आडवा धरा आणि सुतार फळी बघतो तसा एक डोळा मिटून मागच्या कडेवरून नजर टाका. वाक किंवा पीळ लगेच दिसतो. प्लेटवर स्टीलची पट्टी ठेवा, खालून उजेड दिसला तर प्लेट वाकलेली आहे. कार्बन असेल तर पाच रुपयांचं नाणं घेऊन वरून खालपर्यंत टकटक करत या. आवाज सगळीकडे टणक हवा, मध्येच एखाद्या ठिकाणी 'थप' असा बसका आला तर आत थर सुटलेत. अ‍ॅल्युमिनियमला बोल्टच्या भोकांशी पांढरी पूड दिसते का बघा. थोडी चालेल. नखाने खरवडल्यावर खड्डा राहिला तर सोडून द्या. आणि मास्ट हलवून कान द्या. पोकळ मास्टमध्ये पाणी शिरलं असेल तर ते खुळखुळतं.

पायरी ६: बसवणे, याच क्रमाने

१. बोर्ड उलटा करून पिशवीवर किंवा जाड टॉवेलवर ठेवा. बोल्ट डबीत, डबी कापडावर. वाळूत पडलेला बोल्ट धुतल्याशिवाय लावायचा नाही. वाळूचा एक कण आट्या खातो.

२. सगळ्या आट्यांना गंजरोधक ग्रीस लावा, टेफ्लॉनचं असलेलं चांगलं. ग्राफाइटचं किंवा तांब्याची भुकटी असलेलं गॅरेजचं ग्रीस खाऱ्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियमला उलट खातं.

३. टी-नट (टी आकाराचे नट) ट्रॅकमध्ये सरकवा, प्लेट ठेवा, चारही बोल्ट बोटांनी फिरवा. मास्टची बोथट, गोल कड पुढे. हसू नका, उलटा लावलेला मास्ट मी किनाऱ्यावर तीनदा पाहिलाय.

४. प्लेट ट्रॅकच्या मधोमध आणा. मग कर्णरेषेने कसा: पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा, मागचा डावा. दोन फेऱ्यांत. एकच बोल्ट आधी पूर्ण कसला तर प्लेट तिरकी बसते.

५. मग फ्युझलाज. तोही आधी बोटांनी, मग चावीने. पुढचं पातं त्यानंतर, मागचं सर्वांत शेवटी.

६. चावी नेमक्या मापाची. टॉर्क्सच्या (चांदणीच्या आकाराच्या) खाचेत षटकोनी अ‍ॅलन चावी 'बसते', पण खाच गोल करून टाकते. किती कसायचं ते कंपनीच्या पत्रकात असतं. ते पाळा, पाईप लावून जोर करू नका.

*सावधान:* बोल्टची लांबी. लांब बोल्ट ट्रॅकच्या तळाला टेकतो, चावी घट्ट लागते, आणि प्लेट मात्र सैलच राहते. आणखी जोर केला तर बोल्ट डब्याचा तळ फोडून बोर्डात शिरतो आणि बोर्ड पाणी प्यायला लागतो. कसल्यावर प्लेट हाताने सरकवून बघा. जराशी जरी हलली तरी बोल्ट बदला.

*तपासा:* एक बोट मास्ट आणि फ्युझलाजच्या सांध्यावर ठेवा, दुसऱ्या हाताने पात्याचं टोक वर-खाली हलवा. डोळ्याला न दिसणारा ढिलेपणा बोटाला लागतो. प्लेटपाशीही असंच करा. बोटाला टकटक लागत असेल तर पाण्यात जाऊ नका. सैल सांधा दर लाटेला भोक थोडं थोडं मोठं करतो.

शेवटी प्लेटची पुढची कड जिथे आहे तिथे बोर्डावर चिकटपट्टी लावून तारीख लिहा. पुढच्या पायरीत ती लागेल.

पायरी ७: पहिल्या दिवशी एकच गोष्ट बदला

नवा मास्ट आणि नवं पातं एकाच दिवशी काढलं, तर काय कशामुळे होतंय ते देवालाही सांगता येणार नाही. जुनं पातं, जुना बोर्ड, नवा मास्ट. हेल्मेट आणि इम्पॅक्ट जॅकेट (मार झेलणारं) अंगावर हवंच, लांब मास्टवर पडण्याची उंची वाढलेली असते.

*पुढचा पाय दुखेपर्यंत दाबावा लागतोय.* उचल पुढे येतेय. मास्ट ट्रॅकमध्ये एक सेमी मागे घ्या. बोर्ड उठतच नाही किंवा मागचा पाय थकतो, तर एक सेमी पुढे. एका वेळी एकच सेमी. मास्ट बदलला की वरची प्लेट आणि पातं यांच्यातलं अंतर बदलू शकतं, त्यामुळे जुन्या मास्टची खूण नव्याला लागू होईलच असं नाही.

*खळबळीत वाऱ्याच्या दिशेने वर जाताना पातं उघडं पडतं.* लगेच लांब मास्ट शोधू नका. आधी दहा सेमी खालून उडा आणि कल कमी करा. तरीही होत असेल तर पायरी २चा हिशेब पुन्हा.

*वळताना पातं उशिरा येतं.* किनाऱ्यावर या, बोल्ट तपासा. बोल्ट घट्ट असतील तर मास्ट तुमच्या वजनाला बारीक पडतोय. रुंदीने लहान पातं लावून बघा, बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं.

*एकदम फस्स आवाज आणि खाली.* मास्टच्या कडेने हवा खाली ओढली गेली. पुढच्या कडेला टवका उडालाय का बघा. आपल्याकडे मात्र बहुतेक वेळा प्लॅस्टिकची पिशवी किंवा शेवाळ गुंडाळलेलं निघतं. बोर्ड आडवा करून हाताने काढा, पुन्हा सुरू.

*ठरावीक वेगाला शिट्टी किंवा गुणगुण.* मागच्या कडेवरून सुटणारे भोवरे मास्टला कंप देतात. ४०० ते ६०० नंबरचा पॉलिश पेपर ओला करून मागच्या कडेची एकच बाजू हलक्या तिरक्या कोनात घासा, पाच-सहा हात, मग पाण्यात बघा. पातं वाजतंय की मास्ट, हे आधी ओळखा: पातं बदलल्यावरही आवाज राहिला तर मास्ट. घासण्याआधी वॉरंटीचं पत्रक वाचा, घासलेला मास्ट कंपन्या परत घेत नाहीत.

पायरी ८: धुणं आणि खोलणं

कार्बन आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना लागून खाऱ्या पाण्यात राहिले की छोटी बॅटरीच तयार होते, आणि तिच्यात झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. स्टीलचा बोल्ट अ‍ॅल्युमिनियमच्या आटीत असला तरी तेच. नुसतं वरून गोडं पाणी ओतून भागत नाही, मीठ सांध्याच्या आत असतं.

सलग दोन-तीन दिवस पाण्यात जाणार असाल तर जोडलेलं ठेवलं तरी चालेल, पण शेवटच्या दिवशी सगळं खोला, बादलीत बुडवा, सावलीत वाळवा, आट्यांना नवं ग्रीस लावा. पोकळ मास्ट उभा ठेवून निथळू द्या.

सर्वात मोठा घात पावसाळा करतो. मे अखेरीस समुद्र बंद होतो, आणि 'पुढच्या रविवारी खोलू' म्हणून जोडलेला सेट माळ्यावर जातो. मी एकदा असाच कार्बन मास्टमध्ये अ‍ॅल्युमिनियमचा फ्युझलाज अडकवून ठेवला. ऑक्टोबरात दोघं एकजीव झाले होते. उकळतं पाणी, भिजवण, लाकडी हातोडी, आठवडाभराची खटपट, आणि शेवटी फ्युझलाज कापून काढावा लागला.

बोल्ट अडकलाच तर झटका देऊ नका. आत शिरणारं तेल सोडून रात्रभर ठेवा, चावी पूर्ण खाचेत बसवून हातोडीने डोक्यावर हलके दोन-तीन ठोके द्या, मग आधी किंचित कसण्याच्या दिशेने आणि नंतर उलट फिरवा. अ‍ॅल्युमिनियम असेल तर गरम पाण्याची धार मदत करते. कार्बनवर हीट गन चालवू नका, रेझिन मऊ पडतं. खाच गोल झाली असेल तर तिथेच थांबा आणि लेथवाल्याकडे जा. तो बोल्ट ड्रिलने काढून देईल. आपण घरी ड्रिल लावला की बोल्टऐवजी मास्टला भोक पडतं.